लॉरेनचे मणी आणि माझा जळफळाट

हॉलंडहून परत येऊन दोन महिने झाले, तरी चिंचवडात भेटणारी प्रत्येक बाई दोनच प्रश्न विचारते. नात कशी आहे, आणि ट्यूलिप पाहिले का. नात उत्तम आहे; नाक आमच्या ह्यांच्यावर गेलं आहे आणि त्याला आता इलाज नाही. ट्यूलिप मात्र मी पोचण्याआधीच संपले होते. यंदाच्या, म्हणजे २००६ च्या मे महिन्याच्या मध्यावर मी गेले, तेव्हा शेतांत नुसते देठ उभे होते. त्यामुळे ट्यूलिपवर लिहिणं काही मला जमायचं नाही. तीन महिने मी त्या देशात होते आणि त्यातला निम्मा वेळ मी एका बाईवर जळण्यात घालवला. ती बाई डचसुद्धा नव्हती. अमेरिकेच्या उत्तरेला मोठाल्या तळ्यांच्या काठी ओजिब्वे नावाचे मूळचे लोक राहतात, त्यांच्यातली ती. नाव लॉरेन. तिच्यामुळे माझी मुलगी माझ्या हातची जाते की काय, ही भीती मला तिथे पहिल्या आठवड्यातच बसली.

ब्रेडा

मुलीचं नाव मुग्धा. जावई निखिल ब्रेडा नावाच्या गावात एका मालवाहतूक कंपनीचं कॉम्प्युटरचं काम बघतो. मुग्धा लग्न करून त्याच्यामागून गेली, वर्षभर घरी बसली आणि मग वाखनिंगनच्या विद्यापीठात एका प्रयोगशाळेत लागली. तिचं शिक्षण अन्नपदार्थांचं. आठवड्यातून तीन दिवस जाते. मी गेले तेव्हा तिला सातवा महिना होता आणि मी बाळंतपणाला गेले होते. ह्यांना विमानात पाय आखडतात म्हणून हे घरीच राहिले.

माझ्या बॅगेत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेप आणि बाळंतविडा होता. मी एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवणाची बाई होते. आमच्या भागातल्या निम्म्या रुखवतांत माझी मण्यांची तोरणं मिरवली आहेत. तेव्हा माझ्या स्वतःच्या नातवंडाचा बाळंतविडा कसा असेल, हे मी सांगायला नको. झबली, टोपडी, जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लाल खणाची कुंची. कुंचीच्या कडेला मी बारीक पांढरे मणी लावले होते. दोन महिने खपून.

मुग्धानं सगळं उलगडून पाहिलं. "छान आहे गं," म्हणाली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

डोहाळजेवणाचा विषय काढला, तर म्हणाली, "आई, प्लीज, ते काही नको. गाजावाजा नको."

"अगं पहिलटकरीण तू. इथल्या चार मराठी बायका बोलावू. फुलं इथे तर ढिगानं मिळतात."

"नको म्हटलं ना."

ती उठून आत गेली. निखिल हळूच म्हणाला, "आई, लेट इट बी. तिचा मूड असतो तसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ही बया सायकलवर बसून स्टेशनला निघालेली. सातव्या महिन्यात! मी खिडकीतून ओरडले. तिनं नुसता हात हलवला. संध्याकाळी मी बोलबोल बोलले, तेव्हा निखिल म्हणाला, "आई, इथे सगळ्या चालवतात. मिडवाइफनंच सांगितलंय, फीट्स इज फाइन." सायकलला तिथे फीट्स म्हणतात, आणि बाळंतपणही म्हणे तिथे पुष्कळ जणी घरच्या घरी करतात. त्यानंतर आठवडाभर सरकारमान्य बाई येऊन बाळाला न्हाऊमाखू घालते, आईला शिकवते, वर पाहुण्यांना कॉफीही करून देते. मग मला कशाला बोलावलं, असं मी विचारणार होते.

शेजारच्या डच बाईला नुकताच मुलगा झाला होता. तिच्याकडे आम्ही गेलो, तर तिनं लोणी लावलेल्या गोल टोस्टवर निळ्या-पांढऱ्या साखरेच्या गोळ्या पसरून दिल्या. दाताखाली आली ती बडीशेप! बाळंतिणीला दूध यावं म्हणून ही चाल पडली, असं ती सांगत होती. मला एवढा आनंद झाला की त्या परक्या देशात कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. मी आमच्या बाळंतशेपेबद्दल सांगायला तोंड उघडलं, तोवर मुग्धाच तिला सांगू लागली, "लॉरेन म्हणते, त्यांच्याकडे पण..."

लॉरेन म्हणते. पहिल्या चार दिवसांत मी हे दोन शब्द किती वेळा ऐकले असतील! आणि पाचव्या दिवशी मी जे पाहिलं, त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुग्धा खिडकीशी बसून मणी शिवत होती. काळ्या मखमलीच्या तुकड्यावर, दोन सुया घेऊन, मान खाली घालून. जिनं शाळेत कार्यानुभवाचा साधा रुमाल माझ्याकडून करून घेतला, जिला मी सुई हातात धर म्हणून विनवण्या केल्या, ती मुलगी तासभर हलली नाही.

"हे कुणी शिकवलं?" मला उत्तर माहीत होतं, तरी मी विचारलं.

"लॉरेननं. दर शनिवारी तिच्या घरी क्लास असतो. तू ये ना या शनिवारी."

वाखनिंगन

लॉरेनचा नवरा डच, वनस्पतींवर संशोधन करणारा, मुग्धाच्याच इमारतीत बसतो. तरुणपणी तो तिकडच्या तळ्यांवरच्या रानटी तांदळाचा अभ्यास करायला गेला होता, आणि तिथून हिला घेऊन आला. घर नदीच्या बांधापाशी. बांधावर मेंढ्या चरत होत्या आणि वारा असा की माझ्या पदराचा मी बसमधून उतरतानाच बोळा करून पर्समध्ये कोंबला. पुढे तिथे मी सलवार-कमीजच घातला.

मी पिसं शोधत होते, हे कबूल करते. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या, जाडसर, पांढऱ्या वेणीच्या बाईनं. अंगात जीन पँट आणि स्वेटर. तिनं मुग्धाच्या पोटाकडे पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं, आणि तिला खुर्चीत बसवून पायाखाली स्टूल सरकवलं. ते स्टूल ठरलेलं दिसत होतं.

टेबलाशी आणखी तीन डच बायका होत्या. मी एका टोकाला बसले आणि परीक्षकाच्या नजरेनं पाहू लागले. चूक सापडावी अशी मनापासून इच्छा होती. लॉरेननं वाटीत कणीक पाण्यात कालवली, तिच्यात काडी बुडवली आणि काळ्या मखमलीवर सरळ वेल काढायला घेतली. वर कागद नाही, कार्बन नाही, चौकड्या नाहीत. देठ, पान, पानाची शीर, कळी, गुलाबासारखं एक फूल. रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात जसा चालतो तसा हात चालत होता. मी आयुष्यभर आलेखाच्या कागदावर ठिपके मोजून तोरणं केली. तोरणांतली माझी बदकं एका मापाची असत, हे खरं. पण त्यांना उडता आलं नसतं.

तिची रीत अशी. एका सुईत मणी ओवायचे आणि ती माळ वेलीच्या रेषेवर ठेवायची. दुसऱ्या सुईनं दर दोन-तीन मण्यांमागे एक टाका घालून माळ कापडाला पक्की करायची. त्यामुळे रेष हवी तशी वळते. आमच्या मणीकामात दोरा मण्यांतूनच आडवातिडवा जातो, कापड लागतच नाही. मी तिला ते करून दाखवलं. तिनं दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा स्वतः केलं. मुलींना ते शिकवायला मला पंधरा दिवस लागायचे.

"तुम्ही टीचर आहात, मुग्धानं सांगितलंय," ती म्हणाली. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मी आपलं माझ्या भाषेत सांगते. "खूप शिस्तीच्या, असंही सांगितलंय."

"शिस्तीशिवाय शिवण येत नाही."

"येते, पण वेळ लागतो," ती हसून म्हणाली.

तेवढ्यात मला मुग्धाचा एक टाका सैल दिसला. माझा हात आपोआप पुढे गेला. "उसव ते," मी मराठीत म्हटलं. मुग्धानं कापड माझ्या हातापासून लांब केलं. लॉरेननं ते पाहिलं. ती मुग्धाला कधीच उसवायला सांगत नाही, हे दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं. "पुढच्या पानाला बघ, दोरा जरा ओढून धर," एवढंच म्हणे. आणि पुढचं पान खरोखर चांगलं येई. यावरही मी जळले.

जेवायला तिनं त्या रानटी तांदळाचं सूप केलं होतं. लांबट, काळा दाणा, धुरकट वासाचा. पाण्यात आपोआप उगवतो, होडीत बसून काठीनं झोडपून आणतात. मी म्हटलं, आमच्याकडे ऋषिपंचमीला असाच, न नांगरता उगवलेला देवभात लागतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. तिनं चमचा खाली ठेवला आणि ते सगळं नीट विचारून घेतलं. तिच्यात खोट काढणं अवघड होतं, आणि तोच माझा राग होता. खडूस असती तर मी सुखानं जेवले असते.

निघताना तिनं कपाट उघडून आपला नाचाचा पोशाख दाखवला. निळ्या कापडावर रांगांनी पत्र्याच्या छोट्या शंकूंची झालर. पूर्वी तपकिरीच्या डब्यांची झाकणं वळवून हे शंकू करत. एका आजारी मुलीसाठी तिच्या घरच्या एका माणसाला हा पोशाख स्वप्नात दिसला, तो घालून बायका नाचल्या आणि मुलगी बरी झाली, असं त्यांच्यात सांगतात. लॉरेननं तो हलवला, तेव्हा स्वयंपाकघरात वाट्यांची चळत हलावी तसा आवाज झाला. मी काय केलं असेल? घेर हातात घेतला आणि उलटा करून मागची बाजू पाहिली. शिवणाच्या बाईची खोड. मुग्धा ओरडली, "आई! विचारायचं तरी! तो पवित्र असतो!"

मी ओशाळले. लॉरेन म्हणाली, "राहू दे. माझी आजीही आधी उलटी बाजूच बघायची."

उलटी बाजू स्वच्छ होती. एक गाठ दिसत नव्हती.

लायडन

पुढच्या आठवड्यात ती आम्हाला लायडनच्या म्युझियममध्ये घेऊन गेली. लायडन गाव सुंदर आहे, कालव्यांच्या काठानं हेरिंग नावाचा कच्चा मासा कांद्याबरोबर खातात आणि शेपटीला धरून तोंडात सोडतात. मी डोळे मिटून घेतले. मुग्धालाही त्या वासानं मळमळलं. मी पर्समधून आवळासुपारी काढेपर्यंत लॉरेननं तिला आल्याची वडी दिलेली होती.

काचेआड ओजिब्वे बाईचा एक जुना पोशाख होता. गडद निळ्या लोकरी कापडाचे दोन सरळ तुकडे दोन्ही कुशींना जोडलेले आणि खांद्यांवर पट्ट्या. बाह्या वेगळ्या! नुसत्या बाह्या, मागे मानेपाशी नाडीनं बांधायच्या. उकडलं की काढून ठेवा. बाळाला पाजायचं असेल तर एक बाही सोडा. मी काचेला नाक लावून उभी राहिले. बाहीची खोल गोलाई कापताना चुकलेल्या किती मुलींना मी ओरडले असेन. आणि इथे कुणीतरी बाहीच सुटी करून तो प्रश्न मिटवून टाकला होता. पोशाखाखाली गुडघ्यापर्यंतचे पायमोजे, त्यांच्या कडेला मण्यांची वेल. गुलाबी, फिकट हिरवा, पिवळा, आणि मध्येच एक गडद लाल ठिपका.

"हे मणी युरोपातूनच गेले," लॉरेन म्हणाली. "व्यापारी आणायचे, आमचे लोक कातडी द्यायचे. आधी आमच्या बायका साळिंदराचे काटे रंगवून त्यांचं भरतकाम करत."

माझ्या आईच्या डब्यातले काचमणीही परदेशी म्हणूनच विकत घेतलेले होते. ती त्यांना जिवापाड जपायची.

काचेजवळच्या पाटीवर प्रदेश होता, काळ होता, देणाऱ्या माणसाचं नाव होतं. शिवणारीचं नाव नव्हतं. लॉरेन बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे पाहत होती. "ही कुठल्या तळ्याकडची ते मला कळतं," ती म्हणाली. "पानाचं टोक असं वळवणाऱ्या बायका आमच्याच बाजूच्या."

मला तिचा फार हेवा वाटला. मी म्हटलं, "तुमच्या बायकांचं काम निदान काचेत ठेवलंय. माझ्या आईची तोरणं माळ्यावर उंदरांनी खाल्ली."

"तुमच्या घरात खाल्ली ना?" ती म्हणाली. "हे बघायला मला तिकीट काढावं लागतं."

तिचा स्वर जराही चढला नव्हता. हेवा तिलाही वाटत होता, आणि तो माझा वाटत होता, हे समजायला मला पाच मिनिटं लागली. मी तिच्या दंडाला हात लावला. त्या दिवशी मला ती आवडली, असं लिहून टाकायला हरकत नाही. पण परतीच्या गाडीत मुग्धा तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि मी समोरच्या बाकावर एकटी बसले होते. त्या आवडण्याचा पार चुरा झाला.

पुन्हा ब्रेडा

जून निम्मा झाला. निखिलच्या गल्लीत फुटबॉलसाठी सगळ्यांनी नारिंगी पताका लावल्या होत्या. मुग्धा कामावर गेली होती आणि मी दुपट्यांना ऊन द्यावं म्हणून तिचा ड्रॉवर उघडला. माझा बाळंतविडा ठेवला होता तसाच होता. त्याच्यावर टिश्यू पेपरात गुंडाळलेले बाळाचे दोन बूट होते.

मऊ हरणाच्या कातड्याचे, माझ्या अंगठ्याएवढे. पुढच्या बाजूला बारीक चुण्या, वर काळ्या मखमलीचा तुकडा आणि त्यावर एकच गुलाबी फूल, दोन पानं. काम मुग्धाचं होतं, दुसरं पान पहिल्याहून चांगलं होतं. माझ्या कुंचीवर तिनं हे ठेवले होते. मी ते उलटे केले. दोन्ही बुटांच्या तळव्याला वाटाण्याएवढं भोक!

मला झालेला आनंद मी लपवत नाही. एवढं सगळं शिकवलं आणि तळवा धड कापता आला नाही. की जुनं कातडं गळ्यात मारलं? ड्रॉवरमध्येच उरलेला कातड्याचा तुकडा होता. मी बोटात अंगुस्तान चढवलं आणि दोन तास बसून दोन्ही तळव्यांना आतून ठिगळ लावलं. असं लावलं की बोट फिरवलं तरी कळू नये. शनिवारी बूट लॉरेनपुढे उलटे करून ठेवायचे आणि काही बोलायचं नाही, असंही ठरवलं.

मुग्धा संध्याकाळी आली. ऊन अजून दुपारसारखं होतं, तिकडे जूनमध्ये दिवस मावळतच नाही. मी बूट तिच्या हातात दिले. "भोकं होती. बुजवून टाकली."

तिनं तळव्यावरून बोट फिरवलं. ती खाली बसली.

"आई, ती भोकं मुद्दाम ठेवतात."

"मुद्दाम?"

"ओजिब्वे लोकांत बाळाच्या बुटाला भोक ठेवतात. बाळाला कुणी न्यायला आलं, पलीकडून, तर बाळ सांगतं, माझे बूट फाटलेत, मला एवढं लांब येता येणार नाही. मग ते राहतं."

"असलं अभद्र बोलू नये. कोण येतंय न्यायला?"

"मागच्या वेळी नेलं ना," ती म्हणाली.

मला आधी वाटलं, ती कुणा दुसऱ्याबद्दल बोलते आहे. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं. गेल्या वर्षीच्या जुलैत. अकरा आठवडे झाले होते. त्या महिन्यात मी दर रविवारी फोनवर तिला विचारत होते, काही बातमी आहे का म्हणून.

अशा वेळी आईला काय वाटायला हवं, ते मला माहीत आहे. मला काय वाटलं तेच लिहिते. मी विचारलं, "लॉरेनला माहीत आहे?"

"हो. परत कामावर गेले तेव्हा मी लॅबमध्ये रडत होते. तिच्या नवऱ्यानं तिला फोन केला. ती येऊन मला घरी घेऊन गेली."

"काय म्हणाली?"

"काही नाही. चहा दिला. मग मण्यांचा डबा सांडला आणि म्हणाली, रंग वेगळे कर. तीन तास आम्ही रंग वेगळे केले."

"आणि मला सांगितलं असतंस तर?"

मुग्धा म्हणाली, "तू विचारलं असतंस, सायकल चालवत होतीस का."

त्या क्षणी माझ्या जिभेवर तोच प्रश्न होता. अगदी टोकावर. मी दात दाबून तो आत ठेवला, आणि मान खाली घालून बूट हातात घेतला. दोन वर्षांची होती तेव्हापासून मी या मुलीचं उसवत आले. रुमाल, बाही, पेटीकोटची नाडी, मराठीच्या वहीतलं अक्षरसुद्धा. माझं काही कधी उसवलं नाही, कारण माझं चुकत नसे.

मी कात्रीच्या टोकानं माझा पहिला टाका तोडला.

"थांब आई, डॅमेज होईल कातडं. लॉरेनला..."

"मी करते," म्हटलं. "तू सांग. त्या दिवशी काय काय झालं, सगळं सांग. मी काही विचारणार नाही."

ती सांगू लागली. सकाळी लॅबमध्ये पोटात दुखायला लागलं, इथून सुरुवात केली. तेवढ्यात निखिल कामावरून आला, आम्हाला बघून चप्पल न काढता दारातच उभा राहिला आणि हळूच वर निघून गेला. माझी शिवण पक्की असते, टाके बारीक असतात. एकेक सुईच्या अग्रानं उचलून तोडावा लागत होता. एका बुटाचं ठिगळ निघालं, भोक मोकळं झालं, तोवर ती हॉस्पिटलच्या पांढऱ्या खोलीपर्यंत आली होती. तिथे ती अडली. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"झालं का गं? दे दुसरा, मी करते," ती डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्याचे टाके सुटत आले होते, एका ओढीत ठिगळ हातात आलं असतं. मी बूट उजेडाकडे धरला.

"वेळ लागेल अजून," मी म्हटलं. "मग काय म्हणाला डॉक्टर?"